नमद्याच्या चार पट्ट्या

बुडबुडा दोन मिलिमीटरचा होता. काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, कडेपासून नऊ मिलिमीटर आत. अगदी गोल नव्हे, वरून किंचित चपटा, कुणी टेकून बसावं तसा. सकाळी सातला तो दोन भरायचा आणि संध्याकाळी पाचला तीन. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोन.

"मग दोनच धर," दादा म्हणाला. "सकाळीच मोजत जा."

यात लबाडी नव्हती, हा दादाचा स्वभाव होता. चांगली बातमी लांबून दिसली की तो तिच्याकडे चालू लागायचा, आणि मध्ये वाईट बातमी उभी असली तर तिला सभ्यपणे वळसा घालून पुढे जायचा.

मोजपट्टीने वहीत दोन्ही आकडे लिहिले.

मोजपट्टी म्हणजे दादाची धाकटी बहीण. तिला खरं नाव होतं, पण ते आता फक्त प्रमाणपत्रांवर उरलं होतं. सात वर्षांची असताना वडिलांनी कापलेल्या एका काचेकडे बघून ती म्हणाली होती, "ही अर्धा मिलिमीटर कमी आहे." वडिलांनी मोजली. होतीच. त्या दिवसापासून ती मोजपट्टी झाली. पुढे पदार्थविज्ञानाची एक पदवी आली, दुसरी आली, चष्मा आला, कानामागचे केस पांढरे झाले, नाव मात्र हललं नाही. आई लाडात आली की "पट्टे" म्हणायची. आई वर्षातून साधारण दोनदा लाडात यायची.

दुकान काचेचं होतं. पुढच्या खोलीत खिडक्यांच्या काचा, आरसे आणि तसबिरींच्या काचा उभ्या रचलेल्या असायच्या, आणि त्यांच्यामध्ये आई. वडील गेल्यापासून काच तीच कापायची, सत्तरी उलटली तरी. कापायचा हिरा काचेवरून ओढताना ती डोळे मिटायची. "बघून काय होतं? आवाजावरून कळतं," म्हणायची. मागच्या खोलीत दादाचं आणि मोजपट्टीचं राज्य होतं: दोन भट्ट्या, सूर्याइतका उजेड पाडणारा एक महागडा दिवा आणि एक मोजायचं टेबल. वहिनी दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात खुर्ची टाकून बसायची. फोन, ऑर्डरी आणि दादा या तीन गोष्टी ती तिथून सांभाळायची.

मागच्या खोलीत जी काच बनायची ती साधी नव्हती. दोन काचा आणि मध्ये केसाएवढी फट. एका काचेवर पांढऱ्या भुकटीचा थर भाजून बसवायचा, तो रंगात बुडवून गर्द लाल करायचा, फटीत एक पातळ द्रव भरायचा आणि चारी कडा वितळणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीने बंद करायच्या. रंगावर ऊन पडलं की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, पांढऱ्या थरातून तारेत जातात, वाटेत दिवा लावतात आणि दुसऱ्या काचेवरून, द्रवातून पुन्हा रंगापाशी परत येतात. आईला हे समजावताना दादाने एकदा अख्खी दुपार घेतली होती. शेवटी आईने विचारलं, "म्हणजे खिडकी ती खिडकी, आणि वर दिवाही लागतो?"

"हो."

"मग असं सांग ना. कधीपासून पाल्हाळ लावलंयस."

अशी एक लाल काच जिन्यातल्या खिडकीला लावलेली होती. जिना दुकानातून वरच्या घरात जायचा, खिडकी पश्चिमेला होती. दादाने ती काच येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लावली होती, आणि चार महिने ती दाखवण्यासारखीच होती. मग ऊन वाढलं आणि बुडबुडा आला.

आता टेबलाबद्दल सांगायला हवं, कारण घोडं तिथे पेंड खात होतं.

दुकानात वडिलांच्या दोन शिस्ती होत्या. पहिली: काच कधी धातूवर ठेवायची नाही, खाली नमदा हवा, म्हणजे लोकरीचं ते जाड, दाबून केलेलं कापड. दुसरी: काचेच्या तोंडाला काही चिकटवायचं नाही. तोंड म्हणजे गिऱ्हाइकाकडे असणारी बाजू. किमतीची चिठ्ठी असो, खूण असो, मागे लावायची. तोंडावर डिंकाचा डाग राहिला तर वडील ती काच विकायचे नाहीत, घरात वापरायचे. त्यामुळे घरातल्या बहुतेक काचांवर डाग होते.

मोजायचं टेबल मोजपट्टीने स्वतः लावलं होतं. अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे, त्याच्या पोटातून फिरणारं पाणी, हवं तेवढं गार किंवा गरम. ट्रेवर नमद्याच्या चार पट्ट्या, मिलिमीटर मोजून कापलेल्या. पट्ट्यांवर काच. तापमान मोजणारी बारीक तार काचेच्या तोंडाला लावायचा प्रश्नच नव्हता, म्हणून ती खाली ट्रेला लावलेली. याबद्दल कुणी कधी विचार केला नाही. ओल्या हाताने दिव्याचं बटण दाबू नये, याबद्दल माणूस जेवढा विचार करतो तेवढाच तिने केला होता.

त्या टेबलावर दोन परीक्षा व्हायच्या. पहिली दिव्याखाली, पाणी पंचवीस अंशांवर ठेवून: पडलेल्या उजेडातल्या किती भागाची वीज होते ते मोजायचं. सगळं जग पंचवीसलाच मोजतं. तसा नियम आहे. आकडा आला पाच पूर्णांक आठ टक्के. दुसरी परीक्षा तग धरण्याची: पाणी साठ अंशांवर, पाचशे तास, दिवा बंद. कारण दिव्याचा बल्बच हजार तासांचा होता आणि दादा त्याला म्हाताऱ्या नातेवाइकासारखा जपायचा. पाचशे तासांनंतर एकही बुडबुडा नाही. दोन्ही आकडे छापील कागदावर यायचे आणि खाली मोजपट्टीची सही. दादाच्या बोलण्यावर हसणारे लोक त्या सहीवर हसत नसत.

त्या दोन आकड्यांवर छत्तीस काचांची ऑर्डर आली होती. एका ग्रंथालयाच्या वाचनकक्षाला पश्चिमेकडे मोठी खिडकी होती. ती लाल काचांची करायची आणि तिच्या विजेवर टेबलांवरचे वाचायचे दिवे चालवायचे. दादाची सहा वर्षांतली ही पहिली खरी खिडकी. छत्तीसच्या छत्तीस काचा मागच्या खोलीत उभ्या रचून तयार होत्या. सही तेवढी राहिली होती.

बुडबुडा दिसल्यानंतर तिसऱ्या दिवशी दादा आणि वहिनी ग्रंथालयात चौकटींची मापं तपासायला गेले. आई जेवून खुर्चीतच पेंगत होती. मोजपट्टीने मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं, दिवा लावला, पाणी पंचवीसवर आणलं, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा काचेच्या तोंडाला चिकटपट्टी लावली. तिच्याखाली तार.

ट्रेचा आकडा पंचवीस होता. काचेचा अडतीस पूर्णांक चार.

तिने अर्धा तास वाट पाहिली. तार बदलली. दोन्ही तारा एका पेल्यातल्या पाण्यात बुडवून पाहिल्या. दोघींनी एकच आकडा सांगितला. पुन्हा लावल्या. अडतीस पूर्णांक चार.

दिवा वरून काच तापवत होता आणि नमदा ती उष्णता खाली जाऊ देत नव्हता. लोकर दुसरं काय करणार?

मग तिने दिवा बंद केला आणि पाणी साठवर नेलं. दोन तासांनी ट्रे साठ होता, काच सेहेचाळीस. आता उष्णता खालून येत होती आणि नमदा तीही वर जाऊ देत नव्हता. नमद्याला कुणी पक्षपाती म्हटलं नसतं.

पावणेपाचला ती तार घेऊन जिन्यात गेली आणि बुडबुड्याच्या काचेच्या तोंडाला चिकटवली. एकसष्ट.

ती पायरीवर बसली आणि वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने मांडू लागली. काचेतला द्रव थंडीत जरा जड चालतो. काच तापली की तो मोकळा होतो आणि वीज थोडी वाढते. पण आणखी तापली की निघालेले इलेक्ट्रॉन वाटेतूनच माघारी फिरतात, तारेपर्यंत पोचत नाहीत, आणि विजेचा दाब उतरत जातो. काचेची सगळ्यात चांगली वेळ मध्ये कुठेतरी असते, साधारण पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान. म्हणजे गेली दोन वर्षं तिने प्रत्येक काच तिच्या सगळ्यात चांगल्या वेळी मोजली होती आणि रोजची म्हणून लिहिली होती. आणि साठ अंश म्हणून जे पाचशे तास लिहिले होते, ते सेहेचाळीसचे होते. सेहेचाळीसला कडेची पट्टी धरून राहते. एकसष्टला ती मऊ पडते, द्रवाची वाफ कोपरा शोधते आणि बाहेर पडते. तिच्या जागी हवा येते, आधी दोन मिलिमीटर.

दोन वेगवेगळ्या चुका असत्या, तर त्यातली एखादी तरी त्यांच्या विरुद्ध गेली असती. ही चूक एकच होती आणि दोन्ही वेळा ती त्यांच्याच बाजूने उभी राहिली होती. आणि पट्ट्या कापल्या होत्या मोजपट्टीने, मिलिमीटर मोजून.

दादा परत आला तो शीळ घालत. "चौकटी एकदम काटेकोर," तो म्हणाला. "आणि तिथले ग्रंथपाल तुझं नाव विचारत होते. सही वाचता आली नाही म्हणे."

"दादा," ती म्हणाली.

"हं?"

"चहा घेणार?"

पुढचे काही दिवस दादाला एरवी वर्षभरात मिळत नाही इतका चहा मिळाला. सकाळी ती त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची, "दादा" म्हणायची, तो मान वर करायचा, आणि ती चहाचं विचारायची. तो प्रत्येक वेळी हो म्हणायचा. आठवड्याभराने वहिनी दारातल्या खुर्चीतून म्हणाली, "वन्सं, यांना काय उकळून मारायचंय का?"

मध्यंतरी तिने चोरून बाकीचं मोजून टाकलं. नमदा काढून, काच खरोखर पंचवीसला आणून: पाच पूर्णांक तीन. एकसष्टला: साडेचार. दिवे तरीही लागले असते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी जरा मंद, पण लागले असते. कमी विजेबद्दल तिला माफी मागायची नव्हती. कागदावर खरा आकडा लिहिला की ते मिटत होतं. खरा प्रश्न कडांचा होता. पश्चिमेच्या खिडकीत छत्तीस काचा, चार उन्हाळे. बुडबुडे मोजायला ग्रंथालयाला वेगळा माणूस ठेवावा लागला असता.

एके दिवशी दुपारी आईने तिला जिन्यात गाठलं. म्हणजे आई वर निघाली होती आणि मोजपट्टी खाली येत होती, आणि आई खिडकीपाशी थांबली. तिने चष्मा लावला नाही. काचेकडे तिरकं पाहिलं, जसं ती गेली पन्नास वर्षं पाहत आली होती.

"काचेच्या तोंडाला कुणी चिकटवलं?"

मधल्या दारातून वहिनी म्हणाली, "मी नाही हं."

"तुला कोण म्हणतंय? तू काचेच्या जवळ जातेस कधी?"

"मी चिकटवलं," मोजपट्टी म्हणाली.

आई तिच्याकडे बघत राहिली. एखाद्या आरशाने चुकीचं प्रतिबिंब दाखवल्यावर बघावं तशी.

"कशाला?"

"किती तापते ते मोजायला."

"मागून मोजायचं. इतकी वर्षं मागूनच मोजतेस ना?"

"मागून वेगळं येतं, आई."

आई एक पायरी खाली उतरली. पदराच्या गाठीतून तिने पातं काढलं. आईच्या पदराला किल्ल्यांऐवजी पातं असायचं. तिने काचेवर पातं आडवं धरलं आणि डिंकाचा चौकोन खरवडू लागली. मोजपट्टीने उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं. नमदा, दिवा, पंचवीस, साठ. माघारी फिरणारे इलेक्ट्रॉनही सांगितले.

"म्हणजे तुझ्या दादासारखं," आई म्हणाली. "घरातून निघायचं आणि कोपऱ्यावरून परत. किल्ली राहिली म्हणून."

"तसंच."

"आणि ऊन जास्त असलं की जास्त परततात."

"हो."

पातं थोडा वेळ चाललं. "त्याला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

मोजपट्टीने उत्तर तयार ठेवलं होतं, पण ते लांबलचक होतं. दादाची सहा वर्षं त्यात होती, दोन भट्ट्या होत्या, वहिनीने उत्तरं देऊन देऊन गुळगुळीत केलेला फोन होता. आणि शेवटी, सगळ्यात खाली, हे होतं की आजवर या घरात चुका इतरांनी केल्या होत्या आणि मोजपट्टीने त्या मोजल्या होत्या. उलट कसं करतात ते तिला ठाऊक नव्हतं.

"पट्ट्या मी कापल्या होत्या," ती म्हणाली.

"नमद्याचं तुझ्या बाबांनी सांगितलं होतं."

"बाबांनी खिडकीच्या काचांसाठी सांगितलं होतं. मी मोजायच्या टेबलावर घातला."

आईने काच पदराने पुसली, तिरकी पाहिली, पुन्हा पुसली. मग पातं गाठीत बांधलं. "सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव," ती म्हणाली. "पण तोंडाला आणखी काही चिकटवू नकोस. डाग पडतात."

आणि गुडघ्यावर हात ठेवत ती वर गेली. मोजपट्टीने बुडबुडा मोजला. पाच.

ग्रंथपाल ठरलेल्या दिवशी आले. बारीक अंगाचे, पन्नाशीचे, बोलण्याआधी खिशातला रुमाल चाचपणारे गृहस्थ. दादाने त्यांना मागच्या खोलीत नेलं. वहिनीने खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही.

"आधी मोजून दाखवतो," दादा म्हणाला. दिवा तासाभरापूर्वीच लावून ठेवला होता. टेबलावर छत्तीसांपैकी एक काच होती, नमद्याच्या चार पट्ट्यांवर, लालभडक. "हे बघा, पंचवीस अंश. जगभर पंचवीसलाच मोजतात. आणि इथे बघा, पाच पूर्णांक आठ."

ग्रंथपालांनी पंचवीसचा आकडा बराच वेळ पाहिला. "आमच्याकडे पुस्तकांसाठी रोज तापमान लिहितात," ते म्हणाले. "सकाळी एकदा, दुपारी एकदा. अठरा वर्षं झाली, मीच लिहितो."

"वा!" दादा म्हणाला. "म्हणजे आमच्या मोजपट्टीचेच भाऊबंद तुम्ही."

"कुणी वाचत नाही ती वही," ग्रंथपाल म्हणाले. "पण लिहितो आपला."

मोजपट्टी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. समोर छापील कागद होता, कागदावर दोन आकडे, खाली सहीची एक रेघ आणि या वेळी रेघेखाली छापलेलं तिचं ते प्रमाणपत्रांवरचं नाव. पेन तिच्या हातात होतं. टोपण काढलेलं होतं. सकाळी सातला बुडबुडा सात मिलिमीटर भरला होता.

"हात लावला तर चालेल?" ग्रंथपालांनी विचारलं.

"अगदी! खिडकीच आहे ती," दादा म्हणाला.

त्यांनी दिव्याखाली हात घातला आणि तळवा अलगद काचेच्या तोंडावर टेकला. पुढच्या खोलीतून बघणाऱ्या आईने डोळे मिटले.

"पंचवीस?" ग्रंथपाल म्हणाले.

"पंचवीस."

"नाही म्हणजे, हाताला गरम लागतंय. माझ्या हाताहून गरम आहे."

"दिव्याचा उजेड पडतो ना हातावर, म्हणून तसं वाटतं," दादा हसून म्हणाला. "हात हे काही साधन नाही, साहेब."

"ते खरं," ग्रंथपालांनी कबूल केलं. त्यांनी हात काढून घेतला आणि त्याच्याकडे थोड्या संशयाने पाहिलं. "पण बाकीची साधनं घरी विसरतो, हा बरोबर असतो."

"मोजपट्टी, तू सांग यांना," दादा म्हणाला.

वहिनीने हातातला फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मोजपट्टीला दादाच्या चेहऱ्यावर काळजीचं नाव दिसत नव्हतं. चांगली बातमी पाच पावलांवर उभी होती आणि तो तिच्याकडे चालत होता.

"साहेबांचा हात बरोबर आहे," ती म्हणाली. "काच अडतीसला आहे."

दादाने आकड्याकडे बोट दाखवलं. "अगं, पंचवीस तर..."

"तो ट्रेचा आकडा आहे. मध्ये नमदा आहे." ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती, वहीतलं वाचून दाखवावं तशी. "दिव्याखाली काच तेरा अंशांनी जास्त तापते. गरम पाण्याच्या परीक्षेत चौदा अंशांनी कमी. पाच पूर्णांक आठ हा अडतीसचा आकडा आहे, तिथे काच सगळ्यात चांगली चालते. पंचवीसला पाच पूर्णांक तीन येतो. तुमच्या खिडकीत उन्हाळ्यात पाचच्या सुमाराला साडेचार येईल."

"साडेचारवर दिवे लागतील?" ग्रंथपालांनी विचारलं.

"लागतील. पण कडा टिकणार नाहीत. पाचशे तास साठला काढले असं इथे लिहिलंय, ते सेहेचाळीसचे आहेत. जिन्यात एक काच आहे, ती एकसष्टला जाते. तिच्यात बुडबुडा आहे."

"दोन मिलिमीटरचा," दादा म्हणाला. बुडायला लागलेला माणूस फळी धरतो तसा.

"सात," मोजपट्टी म्हणाली. "सकाळी."

दादा स्टुलावर बसला. त्याने टेबलाकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, मग खाली वाकून नमद्याच्या पट्ट्या पाहिल्या, जणू त्या आजच कुणी आणून घातल्या होत्या. त्याने एक बोट पट्टीच्या खाली घातलं. मग तेच बोट काचेच्या खाली लावलं. मग पुन्हा पट्टीच्या खाली. तो काही मूर्ख नव्हता. एकदा बघायला लागला की त्याला सगळं दिसायचं. त्याच्या ओठांवरून कळत होतं की तो वजाबाकी करतोय.

"दोन्हीकडे आपल्याच बाजूने," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"पट्ट्या कुणी..."

"मी."

वहिनीने दारातून विचारलं, "वन्सं, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"सव्वीस दिवस."

दादाने मान वर केली. "म्हणून चहा," तो म्हणाला.

"म्हणून."

कुणी हसलं नाही. ग्रंथपालांना चहाचा संदर्भ लागला नाही, पण अठरा वर्षं कुणी न वाचणारी वही लिहिणाऱ्या माणसाला गप्प कधी राहायचं ते कळतं. त्यांनी रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घडी घातली.

"आता?" दादा म्हणाला. त्याने ते तिला विचारलं नव्हतं, नमद्याला विचारलं होतं. "छत्तीस काचा तयार आहेत. कागद तयार आहे. यांच्या चौकटी तयार आहेत. यातल्या कितीतरी टिकतीलही, काय सांगता येतं? सगळ्याच काही पश्चिमेचं ऊन सारखं खाणार नाहीत, वरच्या ओळीवर छज्ज्याची सावली येते..." तो थांबला. वळसा घालायला जागा शोधत असताना रस्ता संपावा तसा.

आई पुढच्या खोलीतून येऊन टेबलापाशी उभी राहिली होती. तिने कुणाकडे पाहिलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळून तिने ग्रंथपालांच्या तळव्याचा ठसा पुसायला घेतला, आणि काचेला बोट लागताच थबकली. मग अख्खा तळवा ठेवला. ठेवून तशीच उभी राहिली.

"गरम आहे," ती म्हणाली. पन्नास वर्षांत काचेच्या तोंडावर तिने हात टेकलेला कुणी पाहिला नव्हता. मग तिने हात काढला. काचेवर आता दोन ठसे होते, आणि तिने एकही पुसला नाही. "बोल, पट्टे. काय ठरवलंस?"

मोजपट्टीने पेनाला टोपण लावलं आणि पेन कागदावर आडवं ठेवलं, रेघेला अगदी समांतर.

"मी यावर सही करणार नाही," ती म्हणाली. "कडा सोडवून छत्तीसच्या छत्तीस पुन्हा बंद करायच्या, दुहेरी पट्टीने. आणि मग मी त्या पहिल्यापासून मोजणार. नमदा काढून, तार काचेच्या तोंडाला चिकटवून."